एक अणू चुकला म्हणून क्वासिक्रिस्टल कोसळत नाही

सध्या एक मजकूर बराच फिरतो आहे. त्याचा सारांश असा: क्वासिक्रिस्टल म्हणजे पत्त्यांचा बंगला. त्यात अणू नियमाने मांडलेले असतात, पण साध्या स्फटिकासारखी ती मांडणी ठरावीक अंतराने पुन्हा येत नाही, म्हणून एक अणू चुकला की पुढचं सगळं बिघडतं. तो प्रयोगशाळेबाहेर टिकत नाही, तापवला की साधा स्फटिक होतो, आणि दोष शिरले की त्यातून वीजही धड वाहत नाही.

तापवण्याचा मुद्दा अर्धा खरा आहे. डॅन शेख्टमन यांना १९८२ मध्ये सापडलेली ॲल्युमिनियम-मँगनीजची क्वासिक्रिस्टल मिश्रधातू झपाट्याने थंड केलेली होती आणि तापवल्यावर ती खरोखरच साध्या स्फटिकांत बदलते. पण मजकूर लिहिणारा तिथेच थांबला. १९८७ मध्ये त्साई आन-पांग आणि सहकाऱ्यांनी ॲल्युमिनियम, तांबे आणि लोखंडाचा क्वासिक्रिस्टल बनवला. तो तापवून ठेवला की विवर्तनचित्रातले (क्ष-किरण पदार्थातून गेल्यावर उमटणाऱ्या चित्रातले) ठिपके उलट अधिक रेखीव होतात, म्हणजे आतली मांडणी आणखी नीट होते.

‘प्रयोगशाळेबाहेर टिकत नाही’? याच तीन धातूंचा क्वासिक्रिस्टल रशियाच्या अतिपूर्वेकडच्या खातिर्का उल्केत सापडला आहे. अवकाशातून तो कुणी कापसात गुंडाळून आणला नव्हता.

आता मुख्य आरोप, एका अणूचा. पेनरोज फरसबंदी, म्हणजे क्वासिक्रिस्टलसारखीच ठरावीक अंतराने पुन्हा न येणारी सपाट नक्षी, डोळ्यांसमोर आणा: एक जाड आणि एक बारीक, अशा दोनच समभुज चौकोनांनी भरलेली. त्यात काही ठिकाणी तीन चौकोन मिळून एक षटकोन होतो. त्याच्या आतले तिन्ही चौकोन उचलून उलट बाजूने बसवा. आतला एक बिंदू थोडा सरकतो, कोणती कड कोणत्या कडेला लागायची हा जुळणीचा नियम मोडतो, पण षटकोनाच्या सहाही बाजू जागच्या जागी राहतात. शेजाऱ्याला पत्ताही लागत नाही. खऱ्या पदार्थात अणूंच्या अशा उड्या होतच असतात. त्यांना फेझॉन उड्या म्हणतात. सिद्धान्त सांगतो की त्रिमितीत अशा उड्या सर्वत्र विखुरल्या तरी त्यांची चूक अंतराबरोबर साचत जात नाही. विवर्तनचित्रातले ठिपके फिके होतात, आजूबाजूला थोडी धूसर प्रभा येते, पण ते तीक्ष्णच राहतात. पत्त्यांच्या बंगल्यातला एक पत्ता असा उलटा करून बघा!

वाढतानाचंही तसंच. ॲल्युमिनियम-निकेल-कोबाल्टचा क्वासिक्रिस्टल वाढताना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला गेला, त्याचा अहवाल २०१५ मध्ये आला. वाढत्या कडेवर तुकडे चुकीचे बसत होते आणि मग दुरुस्तही होत होते.

ठिसूळपणाची तक्रार केली असती तर मी मान डोलावली असती. साध्या स्फटिकात डिसलोकेशन (अणूंच्या मांडणीतला रेषेसारखा दोष, जो सरकल्याने धातू वाकतो) सरकलं की मागची अणूंची जाळी पुन्हा जुळते. इथे मागे न जुळलेल्या मांडणीचा माग उरतो, आणि तो भरून काढायला लागणाऱ्या अणूंच्या उड्या तापमान बरंच वाढल्याशिवाय पुरेशा होत नाहीत. म्हणून सामान्य तापमानाला हा पदार्थ वाकण्याआधी तडकतो. पण तडकणं वेगळं आणि आतली मांडणी विस्कटणं वेगळं. तडकलेल्या तुकड्यांतही तीच मांडणी असते.

राहिली वीज. तिथे तर मजकूर थेट उलटा आहे. तापवून दोष घालवले की साध्या धातूचा विद्युतरोध घटतो. या ॲल्युमिनियम-तांबे-लोखंडाचा वाढतो.