गोरी आहेस ना, मग कुरकुर कसली?

माझ्या चेहऱ्याला काहीही झालेलं नाही. हे आता कपाळावर लिहून हिंडावं म्हणते, म्हणजे बाजारात, देवळात, एस.टी. स्टँडवर भेटणाऱ्या प्रत्येक बाईला माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवायचे कष्ट पडायचे नाहीत. "अगंबाई, हे कसले गं डाग?" डाग नाहीत हो. नाकावर, गालांवर, हातांवर बारीक तपकिरी ठिपके आहेत आणि मधूनमधून तीळ. आजीला होते, बाबांना आहेत, मला आहेत. घारे डोळे ज्या घरातून आले त्याच घरातून हेही आले. डोळ्यांचं कौतुक करता आणि ठिपक्यांवर औषध सुचवता, हा कुठला न्याय?

औषधं तरी कसली! शेजारच्या काकूंचं म्हणजे दुधात उगाळलेलं जायफळ. पावसाळ्यात ऊन कमी झालं की असे ठिपके आपोआप फिकट होतात. झालं! श्रावणात माझं तोंड बघून काकूंनी अख्ख्या वाडीत डंका पिटला, "बघा, माझ्या जायफळाचा गुण." शिमग्याला पालखी अंगणात आली तोवर सगळे ठिपके परत हजर. तर म्हणे, "मधेच सोडलंस ना लावायचं?" जायफळ निदान निरुपद्रवी म्हणायचं. दुसऱ्या एकीने लिंबू चोळायला सांगितलं. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की कातडी भाजते, फोड येतात आणि मागे काळे चट्टे राहतात. म्हणजे नसलेले डाग पाडून घ्यायचे! आणि मेडिकलवाल्याने तर न विचारता एक ट्यूब पुढे सरकवली. नाव वाचलं, स्टेरॉइड. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाही अशी वस्तू, ती चेहऱ्यावर रोज लावली की कातडी पातळ होते, ऊन आणखीनच सोसेनासं होतं. हा बिस्किटाचा पुडा दिल्यासारखा देतोय!

यावर काही बोलावं तर ठरलेलं उत्तर, "तुला काय, तू गोरी." अहो, रंग बनवणाऱ्या पेशी गोऱ्या-काळ्या सगळ्यांच्या कातडीत साधारण सारख्याच असतात. माझ्या पेशी उन्हाला अडवणारं गडद मेलॅनिन पुरेसं बनवत नाहीत, एवढाच काय तो माझा थाट. लग्नाच्या बाजारात ज्याला भाव, ते कातडं अर्ध्या तासात लाल होऊन रात्रभर चुरचुरतं. चादर लागली तरी कळ जाते. रत्नागिरी १७ अक्षांशावर, मे महिन्यात सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, सावली पायाखाली गडप होते. उन्हातल्या, कातडी भाजणाऱ्या अतिनील किरणांचा निर्देशांक ११ झाला की जागतिक आरोग्य संघटना त्याला सर्वांत वरच्या पायरीवर टाकते, आणि मेच्या दुपारी आपल्याकडे तो तिथेच असतो. त्याच दुपारी आमची मुंबईची मंडळी म्हणणार, "चल गं किनाऱ्यावर, वारा छान आहे." वारा छान आहे म्हणूनच तर भाजल्याचं कळत नाही! त्यात वाळू आणि लाटांचा फेस खालून ऊन परतवतात. छत्री उघडली की, "पाऊस कुठाय?" आभाळ असताना उघडली की, "ऊन कुठाय?" पातळ ढगातून ते भाजणारे किरण बहुतेक सगळे खाली येतात, पण हे सांगणार कोणाला? आमसुलं आणि आंबापोळी वाळवणाची राखण मात्र मीच करायची, कारण मी "घरीच असते".

आणि तो फोटो स्टुडिओ! फॉर्मसाठी फोटो काढायला गेले. फॉर्मवर ओळखखूण लिहिली होती, उजव्या गालावर तीळ. त्या पोराने मोठ्या मायेने तीळच पुसून टाकला, ठिपके तर केव्हाच धुऊन काढले होते. वर म्हणतो, "ताई, क्लीन करून दिलाय, त्याचे पैसे नकोत." खिडकीवरचा साहेब एकदा फोटोकडे, एकदा माझ्याकडे बघतोय. परत पाठवलं. भर दुपारी, अर्थातच.

तिळांचं भविष्य सांगणारे वेगळेच. ओठाजवळ असला तर असं, पाठीवर असला तर तसं. बघायचंच असेल तर एखादा तीळ वाढतोय का, आकार वेडावाकडा होतोय का, रंग बदलतोय का, त्यातून रक्त येतंय का, ते बघा आणि थेट त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. पाठीवरचे तीळ मला स्वतःला दिसत नाहीत. तिथे कोणी मदत करील म्हणाल तर नाव नको. सासर श्रीमंत मिळेल का ते सांगायला मात्र रांग!

राहिलं सनस्क्रीन. चेहऱ्याला आणि मानेला दोन बोटं भरून लावायचं, दर दोन तासांनी परत, घाम आला की त्याआधीच. आपल्याकडे घाम कधी येत नाही? छोटी ट्यूब महिनाभरही पुरत नाही. भाऊ परवा बिल बघून म्हणाला, "एवढा खर्च तोंडावर?" मी म्हटलं, हापूसवर ठिपका पडला तर भाव पडतो म्हणून मोहोरापासून कलमांवर फवारण्या मारतोस, त्याचं बिल आण आधी, मग माझं बघ.