मेबल नॉर्मंड शोभेची बाहुली नव्हती

अमेरिकेतल्या मूक विनोदपटांविषयी एक पोस्ट सगळीकडे फिरते आहे. तिचं म्हणणं असं: त्या चित्रपटांत नुसती ढकलाढकली होती, विनोद पुरुषच करत, बायका नायकाने वाचवण्यापुरत्या असत आणि त्यांच्यात दम असता तर लोक त्यांना विसरलेच नसते. यातलं एकही विधान टिकत नाही.

पोस्टसोबत रुळांना बांधलेल्या नायिकेचा फोटो आहे. विनोदपट काढणाऱ्या कीस्टोन कंपनीने १९१३ मध्ये अभिनेत्री मेबल नॉर्मंडला असं रुळांवर बांधलं, ते जुन्या रंगभूमीवरच्या भडक नाटकांची खिल्ली उडवायला. १९१७ मध्ये दुसरी अभिनेत्री ग्लोरिया स्वॉन्सन हिला रुळांना जखडलं, तेव्हा मदतीला धावतो टेडी नावाचा कुत्रा! थट्टेलाच पुरावा मानून ही पोस्ट लिहिली आहे. एरवी मेबल धाडसात कुणाला हार जाणारी नव्हती. १९११ मध्ये ती पडद्यावर पाण्यात सूर मारत होती, पुढच्याच वर्षी त्या काळच्या उघड्या विमानात बसली.

विनोद पुरुषच करत? १९१४ मध्ये चार्ली चॅप्लिन कीस्टोनमध्ये नवखा होता आणि मेबल तिथे दिग्दर्शन करत होती. तिच्या हाताखाली काम करायला आपण नकार दिला, हे त्यानेच आत्मचरित्रात लिहिलं आहे. त्याच वर्षीच्या ‘टिलीज पंक्चर्ड रोमान्स’ या लांब विनोदपटाची नायिका होती पंचेचाळिशीची, धिप्पाड मेरी ड्रेसलर. चॅप्लिन तिथे तिच्या पैशांवर डोळा असलेला भामटा आहे. सगळा चित्रपट मेरीच्या खांद्यावर उभा आहे.

नुसती ढकलाढकली म्हणणाऱ्यांनी ‘मेबल्स स्ट्रेंज प्रेडिकमेंट’ शांतपणे बघावा. रात्रीच्या कपड्यांतली मेबल हॉटेलातल्या आपल्या खोलीबाहेर अडकते. दारू प्यायलेला चॅप्लिन मागे लागतो, म्हणून ती समोरच्या खोलीत शिरून पलंगाखाली लपते. प्रसंग साधा, पण चेहरा बघा. भीती, लाज, चीड आणि ‘आता काय करू’ हा हिशेब, सगळं क्षणाक्षणाला बदलत जातं. शब्द नाहीत, तरी तिच्या मनात काय चाललंय ते आपल्याला कळतं. मला तर तिचं ते थबकणं कुठल्याही लाथेपेक्षा जास्त हसवतं. अंगाने करायच्या विनोदात वेळ साधणं किती अवघड असतं, हे नाटकात काम केलेल्या कुणालाही विचारा.

राहिला विसरण्याचा मुद्दा. १९२२ मध्ये दिग्दर्शक विल्यम डेस्मंड टेलरचा खून झाला. त्याला अखेरचं भेटलेल्यांत मेबल होती, एवढ्यावर वर्तमानपत्रांनी तिला बदनाम केलं. १९३० मध्ये क्षयाने ती गेली, जेमतेम सदतीस वर्षांची. आणि चित्रपट तरी कुठे उरले? अमेरिकेतल्या पूर्ण लांबीच्या मूकपटांपैकी मूळ स्वरूपात संपूर्ण टिकलेत फक्त १४ टक्के. मेबलने दिग्दर्शित केलेला १९१४ चा एक हरवलेला लघुपट तर न्यूझीलंडच्या संग्रहात असल्याचं २०१० मध्ये जाहीर झालं. बघायलाच न मिळालेल्या चित्रपटांवरून तिची लायकी ठरवणं हा तिच्यावर अन्याय आहे.