दोन मीटर

शर्ट हरवला नव्हता. समोरच होता, सहा-सात फुटांवर. फक्त त्यावर समुद्रसिंहाचं एक पिल्लू झोपलं होतं आणि त्याच शर्टाच्या खिशात माझ्या गोळ्या होत्या. काही लोकांना गाडी लागते, मला बोट लागते.

ठिकाण एस्पान्योला. गालापागोसमधलं दक्षिणेकडचं बेट, इक्वेडोरच्या किनाऱ्यापासून हजारेक किलोमीटर आत. पांढरीशुभ्र वाळू. पोहायला जाताना शर्ट काढून ठेवला, एवढाच माझा गुन्हा.

मी हात पुढे केला तसा गाइड म्हणाला, "दोन मीटर." प्राण्यापासून दोन मीटर लांब राहायचं, हा इथल्या राष्ट्रीय उद्यानाचा नियम.

"अहो, पण तो माझ्याजवळ आलाय!"

"त्याला नियम लागू नाही."

माझ्या पार्किंगमध्ये दुसऱ्याची गाडी लागली की आमच्या सोसायटीचे चेअरमन असाच चेहरा करतात. पिल्लाला माणसाचा वास लागला तर आई त्याला ओळखणार नाही, असंही गाइडने सांगितलं. माझ्या दोन दिवस न धुतलेल्या शर्टावर ते लोळत होतं. आता कसला वास लागायचा बाकी होता?

एवढ्यात आमच्या बोटीवरचे निवृत्त दंतवैद्य हातभर लांब लेन्स घेऊन आले आणि वाळूत पालथे पडले.

"केवढे नशीबवान आहात तुम्ही!"

"गोळ्या आहेत हो त्यात."

"त्याने तुम्हाला निवडलंय."

"मला नाही, शर्टाला."

"जरा डावीकडे सरका. तुमची सावली पडतेय त्याच्यावर."

सरकलो. विषुववृत्ताजवळचं ऊन, अंगावर फक्त चड्डी, पाठीचा पापड होतोय आणि मी समुद्रसिंहाला नीट उजेड मिळावा म्हणून सरकतोय. "अजून थोडं," ते म्हणाले. मग पुन्हा उजवीकडे, कारण आता ऊन फार झालं म्हणे. तेवढ्यात एक मॉकिंगबर्ड माझ्या पाण्याच्या बाटलीच्या झाकणावर टोचा मारू लागला. या बेटावर गोडं पाणी जवळजवळ नाही, त्यामुळे तो बाटली ओळखतो. त्यालाही दोन मीटर लागू नाहीत.

याच बेटाच्या दिएगो नावाच्या कासवाची गोष्ट गाइडने आदल्या रात्री भक्तिभावाने सांगितली होती. इथली फक्त 14 कासवं उरली होती. मग सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयातून याला पैदाशीच्या केंद्रात आणलं आणि पठ्ठ्याने शेकडो पोरं काढली. शंभरी गाठलेल्या त्या म्हाताऱ्याला 2020 साली बेटावर परत सोडलं, तेही मानाने. माझ्या शर्टासाठी मात्र कुणाला काही सुचेना.

आणि हे सगळं फुकट नाही. नुसत्या प्रवेशाचे माणशी 200 डॉलर, तेही रोख. वर 16 प्रवाशांची 'निवांत छोटी' बोट, जिच्यातली खाट आपल्या साइड अप्परइतकी. मोठी बोट निदान कमी हलते.

"अहो, चला, होडी आलीये!" बायको लांबून ओरडली. हसत होती.

पाऊण तासाने पिल्लाची आई समुद्रातून आली. पिल्लू उठलं, शर्टावर सविस्तर शिंकलं आणि निघून गेलं. गोळ्यांचा लगदा झाला होता. रात्री बोट निघाली आणि माझंही सुरू झालं.

सकाळी दंतवैद्यांनी सगळ्यांना फोटो दाखवला. सुरेखच होता. कोपऱ्यात एक लालभडक पोटरी दिसत होती.

"हा पाय काढून टाकतो मी," ते म्हणाले.