सीट बदलल्याने पत्ते बदलत नाहीत

‘ऑनलाइन पोकरमध्ये तीन डाव हरलात की सीट बदला, सॉफ्टवेअर नव्या सीटला चांगले पत्ते देतं’ असा मेसेज ठाणे-नवी मुंबईच्या ग्रुपांवर फिरतोय. सोबत सहा सीटच्या हिरव्या टेबलाचा फोटो, पाच नंबरभोवती लाल गोल, खाली परदेशी ॲपची लिंक. कोपरखैरण्यातल्या माझ्या मावसभावाने तो खरा मानून पैसे घातले, तेव्हा एकदाचं स्पष्ट लिहितो.

सीट ‘तापते’ आणि ‘गार पडते’ हे धादांत खोटं आहे. दर डावाला 52 पत्ते नव्याने पिसले जातात. हातात एक्क्यांची जोडी येते ती सरासरी 221 डावांत एकदा, कुठेही बसा. सलग शंभर डाव ती न येण्याची शक्यता जवळपास 64 टक्के आहे. हरणाऱ्याला मात्र तीच खराब सीट वाटते. शिवाय पत्त्यांत गडबड करून ॲपला काय मिळणार? जिंको कोणीही, पॉटमधून (डावात जमलेल्या पैशांतून) त्याचं रेक, म्हणजे कमिशन, कापलं जातंच.

‘सीट बदलणं फुकट’ हेही चूक. ब्लाइंड म्हणजे पत्ते बघण्याआधी आळीपाळीने भरायची सक्तीची रक्कम. 50-100 ब्लाइंडच्या सहा जणांच्या टेबलावर एका जागी बसलात तर सहा डावांत 150 रुपये, म्हणजे डावाला 25 सक्तीचे जातात. दर तीन डावांनी उठून नव्या जागी लगेच खेळायला मोठ्या ब्लाइंडचे 100 भरलेत, तर डावाला 33 च्या वर.

सगळ्यात घातक ओळ पुढची: ‘सीट बदलल्यावर दुप्पट रकमेच्या टेबलावर बसा, गेलेले वसूल होतील.’ 500 पासून सुरुवात करा. 500, 1000, 2000, 4000, 8000. पाच वेळा हरलात की 15,500 गेले. आणि रक्कम वाढते तसे समोर बसणारेही जास्त मुरलेले असतात. म्हणजे डोकं तापलेलं असताना, खिसा रिकामा होत असताना, तुम्ही वरचढ माणसांपुढे जाऊन बसता. भाऊ नेमका इथेच अडकला. हे लिहिणाऱ्याला काहीच कसं वाटलं नाही?

जागेला महत्त्व आहे, एवढं मान्य करावं लागेल. पण ते पत्त्यांमुळे नाही, चालीच्या क्रमामुळे. बेधडक पैसे लावणाऱ्याच्या डावीकडे बसलात तर त्याची चाल बघून तुम्हाला ठरवता येतं. मेसेज नेमका उलट, उजवीकडे बसायला सांगतो! अनुभवी खेळाडू नवख्यांच्या डावीकडची जागा हेरून बसायला लागले, म्हणून पोकरस्टार्ससारख्या साइटने कॅश टेबलांवर जागा निवडायची सोयच काढली. टूर्नामेंटमध्ये तर सीट आपोआपच मिळते.

‘ॲप परदेशी, कायदा लागू नाही’ हेही खोटं. संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आहे, मग खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा. बाहेरून चालवलेली ॲपही त्यात येतात. चालवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, जाहिरात करणाऱ्याला 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 50 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. लिंक पुढे ढकलणाऱ्यांनी हे वाचावं.

कोणी त्या लिंकवरून पैसे भरले असतील आणि ते अडकले असतील, तर आजच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेला कळवा.