कोपरा ओढून फोटो लहान होत नसतो!

उकडीच्या मोदकांची कृती टंकायला २० मिनिटं लागतात आणि तिचे १० फोटो जागेवर बसवायला दीड तास. पारीच्या कळ्या पाडताना बोटं कशी धरायची हे शब्दांत सांगता येत नाही, म्हणून तर फोटो टाकायचा. आणि नेमका तोच फोटो धूसर येतो, नाहीतर आडवा पडतो, नाहीतर समासाबाहेर जातो, नाहीतर लिहिणाऱ्याला दिसतो आणि वाचणाऱ्याला दिसतच नाही! फुकट ब्लॉग लिहिण्याची सोय येऊन २० वर्षांच्या वर झाली. एवढ्या काळात एक फोटो सरळ बसवण्याची सोय करता आली नाही या एडिटर, म्हणजे ब्लॉग लिहायची खिडकी, बनवणाऱ्यांना?

सगळ्यात जास्त डोक्यात जातो तो फोटोच्या कोपऱ्यावरचा ठिपका. तो धरून ओढला की फोटो लहान झाल्यासारखा दिसतो. दिसतो फक्त. १२ मेगापिक्सेलच्या फोनचा फोटो ४०३२ × ३०२४ पिक्सेलचा असतो, म्हणजे जवळपास १ कोटी २२ लाख पिक्सेल. ब्लॉगच्या मजकुराच्या रुंदीत तो ६४० × ४८० एवढा मावतो, आणि त्याला लागतात ३ लाख ७ हजार. कोपरा ओढल्यावर फक्त ‘हा एवढाच दाखव’ अशी चिठ्ठी फोटोला चिकटते. फाइल तीच राहते, ४ एमबीची. जिथे एक पिक्सेल पुरला असता तिथे ४० पिक्सेल वाचकाच्या गळ्यात बांधले जातात. असे १० फोटो म्हणजे ४० एमबी, तेही एका कृतीसाठी! आणि हे एडिटरला माहीत असतं. मूळ फोटो केवढा आणि दाखवायचा केवढा, दोन्ही आकडे त्याच्या हातात असतात. तरी तोंडातून एक शब्द काढत नाही.

मूळ दुखणं असं, की ‘साइज’ हा एकच शब्द तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरून ठेवलाय. फोटोत पिक्सेल किती, फाइलचं वजन किती एमबी, आणि पडद्यावर तो दिसतो केवढा. तिन्ही स्वतंत्र आहेत. ४ एमबीचा फोटो अंगठ्याच्या नखाएवढा दाखवता येतो आणि ३० केबीचा फोटो पानभर ताणता येतो. एडिटरच्या पट्टीवर मात्र ‘स्मॉल, मीडियम, लार्ज’. कशाचं स्मॉल? कुठल्या मापाने लार्ज? सांगत नाहीत.

वजनापेक्षा वाईट गोष्ट पुढे आहे. जेपीईजी (फोटोच्या फाइलचा नेहमीचा प्रकार) ही दाबून ठेवलेली घडी असते, पडद्यावर आणण्याआधी ती उलगडावी लागते. पूर्ण उलगडल्यावर प्रत्येक पिक्सेल मेमरीत ४ बाइट खातो. ४०३२ × ३०२४ × ४, म्हणजे एका फोटोला जवळजवळ ४९ एमबी. १० फोटोंना ४९० एमबीच्या घरात. ३ जीबी रॅमचा फोन असल्या पानावर गचके खाणारच. मग वाचक म्हणतो आमच्याकडे रेंज नाही, लिहिणारी म्हणते माझ्या फोनवर तर पटकन उघडतं. चोर सोडून संन्याशाला फाशी! तिच्याकडे उघडतं कारण तिच्या फोनने ते फोटो आधीच साठवून ठेवलेले असतात.

आता ब्लॉगर, म्हणजे गूगलची फुकट ब्लॉग सेवा. तिथे सगळी गोम फोटोच्या पत्त्यात (यूआरएलमध्ये) दडलेली असते. एचटीएमएल दृश्य (लेखामागचा कोड) उघडून बघा, जुन्या लेखांतल्या फोटोंच्या पत्त्यात मध्येच कुठेतरी एस ३२० (s320) असं सापडेल. त्याचा अर्थ, हा फोटो सर्व्हरवरून ३२० पिक्सेलचा करून पाठव. तुम्ही विड्थ (रुंदी) बदलून ६४० लिहिलीत पण पत्त्यातला एस ३२० तसाच राहिला, की ३२० पिक्सेल ताणून दुप्पट जागेत पसरवले जातात. फोटो चिखल होतो. कळ्यांच्या रेषा गेल्या, तुपाची चकाकी गेली. उपाय दहा सेकंदांचा: ३२० खोडून ६४० करा, चांगल्या पडद्यांसाठी १२८० करा, विड्थ ६४० राहू द्या. एस ० केलंत तर साठवलेला सगळ्यात मोठा फोटो येतो. दहा सेकंदांचं काम, पण कुठल्या बटणावर लिहिलंय का? ज्या बाईला उत्तम मोदक येतात तिने पत्त्यातली अक्षरं खोडत बसायचं का?

शिवाय प्रत्येक फोटोभोवती ब्लॉगर एक मधोमध आणणारी चौकट घालतं, ती डोळ्यांना दिसत नाही. फोटोच्या शेजारी कर्सर ठेवून एंटर मारून टंकायला लागलात की तुम्ही त्या चौकटीच्या आतच असता. मग पुढचा अख्खा परिच्छेद लग्नपत्रिकेसारखा मध्यभागी येतो. डावीकडे घ्यायला जावं तर फोटोही डावीकडे सरकतो. बॅकस्पेस मारला तर फोटो जातो आणि त्याची रिकामी लिंक मागे राहते, म्हणून नंतर भलतंच रिकामं अंतर पडलेलं दिसतं. हे टाळायचं असेल तर आधी सगळा मजकूर टंकून घ्यायचा, जिथे फोटो हवा तिथे वर एक आणि खाली दोन कोऱ्या ओळी सोडायच्या आणि फोटो शेवटी टाकायचे. एकेक टाका. एकदम १० निवडलेत तर क्रम नावावरून लागण्याची भीती, आणि नावं १, २, ३ अशी असतील तर कित्येक ठिकाणी १ नंतर १० येतो. ०१, ०२, ०३ अशी नावं द्या. सारण भरण्याआधी मोदक वाफवून तयार दिसला तर कोण विश्वास ठेवील त्या कृतीवर?

वर्डप्रेसवाल्यांनी (ब्लॉग चालवायचं दुसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी) हसू नये. तुमच्याकडे एक मोठा फोटो चढवला की त्याच्या १५०, ३००, ७६८, १०२४, १५३६ आणि २०४८ पिक्सेलच्या प्रती निघतात. २५६० पेक्षा मोठा असेल तर ‘स्केल्ड’ नावाची आणखी एक, आणि मूळ फाइल आहे तशी सर्व्हरवर पडून. एका फोटोच्या ८ फाइली, थीमने (ब्लॉगचं रूप ठरवणाऱ्या साच्याने) आपल्या मापांची भर घातली की आणखी. फोनला योग्य प्रत जावी म्हणून हे केलंय, कल्पना चांगली आहे, मान्य. पण स्वस्त होस्टिंगवर (ब्लॉग ठेवायच्या भाड्याच्या जागेवर) या प्रती काढतानाच सर्व्हरचा जीव जातो आणि समोर संदेश येतो, सर्व्हर बिझी असेल किंवा त्याची ताकद कमी पडली असेल, लहान फोटो चढवून बघा, २५६० पिक्सेल सुचवलेली कमाल मर्यादा आहे. अरे, मग चढवण्याआधी सांगा ना! ब्राउझरमध्येच फोटो लहान करून पाठवता येतो, त्याला सर्व्हर लागतच नाही. ५ एमबी मोबाइल डेटावरून वर ढकलल्यावर, चार मिनिटं ते वर्तुळ फिरताना बघितल्यावर ‘लहान फोटो चढवा’ म्हणून सांगणं हा शुद्ध छळ आहे. वर्डप्रेस ज्या भाषेवर चालतं त्या पीएचपीची फाइल चढवण्याची मूळ मर्यादा तर २ एमबी आहे. होस्टिंगवाल्याने ती वाढवली नसेल तर फोनचा त्याहून मोठा एकही फोटो वर जाणार नाही, आणि ती कुठे बदलायची हे नवख्याला कोण सांगणार?

आता चेहरे लांबण्याचा प्रकार. हा अगदी जवळून बघा, कारण हजारो जुन्या लेखांत तो अजून आहे. फोटोला विड्थ ६४० आणि हाइट ४८० लिहिलेली असते. लॅपटॉपवर ठीक. तोच लेख ३६० रुंदीच्या फोनवर उघडला. दोन्हीकडचे समास वजा जाता उरतात ३२८. थीममध्ये ‘रुंदी १०० टक्क्यांच्या वर जाऊ नये’ असा नियम असतो, त्याने ६४० चे ३२८ होतात. उंचीला काही सांगितलेलंच नसतं, ती ४८० वर अडून बसते. व्हायला हवी होती २४६. म्हणजे उंची जवळजवळ दुप्पट. आजीचा गोल चेहरा पडवळासारखा! आणि हा सगळा प्रकार एका ओळीच्या अभावी. थीमच्या सीएसएसमध्ये (दिसण्याचे नियम जिथे लिहितात तिथे) फोटोंसाठी ‘मॅक्स-विड्थ १०० टक्के’ च्या खाली ‘हाइट ऑटो’ लिहिलं की प्रश्न संपतो. पैसे घेऊन थीम विकणारेही ही ओळ विसरतात, याला काय म्हणावं? आणि कोणीतरी सल्ला देतो, हाइट-विड्थ काढूनच टाका. नका काढू! ते आकडे असले की ब्राउझर फोटो यायच्या आधी तेवढी जागा राखून ठेवतो. काढले की वाचता वाचता ओळ एकदम खाली उडी मारते, बोट भलत्याच लिंकवर पडतं. आगीतून फुफाट्यात.

फोटो डावीकडे आणि मजकूर त्याला वळसा घालून, ही हौस छापील मासिकांतून आलीय. फोनवर २०० पिक्सेलचा फोटो डावीकडे ठेवलात तर उजवीकडे उरतात १२८. त्यात ‘स्वयंपाकघरातल्या’ हा एकच शब्द जेमतेम मावतो किंवा तोही बाहेर लोंबतो, आणि मजकूर एकेका शब्दाची शिडी होऊन खाली उतरतो. मराठी शब्द प्रत्यय लागून लांब होतात, इंग्रजी मजकुरावर तपासलेली थीम इथे कोलमडते. फोटो मधोमध घ्या, मजकूर वर आणि खाली. आणि उभे फोटो पूर्ण रुंदीला नका ताणू. उभा फोटो ६४० रुंद केला की उंची होते ८५३. १३६६ × ७६८ च्या लॅपटॉपवर तो एका पडद्यात मावतच नाही, मोदकाचं नाक दिसतं तेव्हा बूड दिसत नाही. उभ्याला ४०० पुरे, उंची होते ५३३.

दुसरीकडून उचललेल्या फोटोंची तर वेगळीच तऱ्हा. गूगल फोटोजची शेअर लिंक म्हणजे फोटो नव्हे, ते एक पान असतं, ते फोटोच्या जागी चिकटवून काही दिसणार नाही. तिथला फोटो कॉपी करून थेट लेखात पेस्ट केला तर लिहिणाऱ्याला तो दिसू शकतो, कारण तो त्या खात्यात शिरलेला असतो. वाचकाला फुटका चौकोन. म्हणून प्रकाशित केल्यावर लेख एकदा इनकॉग्निटो खिडकीत, म्हणजे खात्यात न शिरता, उघडून बघायचाच. फेसबुकवरच्या फोटोच्या पत्त्याला मुदत असते, ती संपली की फोटो गेला. आणि परक्या साठवणीवर विसंबणं किती महागात पडतं ते २०१७ मध्ये दिसलं. फोटोबकेटने बाहेरच्या पानांवर फोटो दाखवायचे तर वर्षाला ३९९.९९ डॉलर मागितले आणि जगभरच्या ब्लॉगांवरचे वर्षानुवर्षांचे फोटो रातोरात गायब झाले. फोटो आपल्या ब्लॉगवरच चढवा आणि मूळ प्रती घरच्या डिस्कवर ठेवा.

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो आधीच दाबलेला असतो. त्याला तुम्ही पुन्हा कापता, पुन्हा सेव्ह करता, वर्डप्रेस त्याच्या प्रती काढताना आणखी दाबतं. जेपीईजी दर सेव्हला काहीतरी गमावते. फोटो मागवायचाच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, तो जसाच्या तसा येतो. आयफोनवाल्यांचे फोटो एचईआयसी प्रकारचे निघतात, कित्येक ठिकाणी ते चढतच नाहीत. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फॉरमॅट्समध्ये जाऊन ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडायचं.

फाइलला मराठी नाव देण्याचाही चोप मिळतो. ‘पुरणपोळी’ या नावात ८ अक्षरचिन्हं आहेत. प्रत्येकाचे ३ बाइट, आणि पत्त्यात जाताना प्रत्येक बाइटची टक्क्याच्या खुणेसकट ३ चिन्हं. ८ चे ७२! आणि एका होस्टिंगवरून दुसऱ्यावर ब्लॉग हलवताना ही नावं कुठल्याशा झिप सॉफ्टवेअरमध्ये अडकून त्यांची गिचमिड झाली की एकेक फोटो हाताने जोडत बसा. आपल्याच भाषेत फाइलचं नाव ठेवण्याची चोरी, याची चीड यायलाच हवी. तूर्त तरी नाव रोमनमध्ये, मध्ये जागा न सोडता ठेवा आणि मराठी ऑल्ट टेक्स्टमध्ये (फोटोला जोडायच्या वर्णनात) लिहा. तिथे अवश्य लिहा. पडदा न दिसणारा वाचक मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर तेच ऐकतो. ‘फोटो १’ लिहून काय सांगितलं त्याला? ‘पारीच्या कडेला ११ कळ्या पाडलेला मोदक, अजून मिटायचा आहे’ असं लिहा.

आणि कृपा करून ‘७२ डीपीआय (एका इंचात किती ठिपके) करा’ हा सल्ला देणं थांबवा. तो आकडा छापखान्यासाठी आहे. १६०० पिक्सेलचा फोटो ७२ ला ठेवा की ३०० ला, ब्राउझर त्याकडे ढुंकूनही बघत नाही, केबी एकाने कमी होत नाही.

चढवण्याआधी करायचं ते एवढंच: लांब बाजू १६०० पिक्सेल, जेपीईजीची क्वालिटी ७५ ते ८२ च्या दरम्यान, फाइल साधारण ३०० केबीच्या आत. ब्राउझरमध्ये स्क्वूश (Squoosh) ही साइट उघडून एकेक फोटो करता येतो. विंडोजवर इरफानव्ह्यू (IrfanView) या सॉफ्टवेअरमध्ये बी दाबलं की अख्खा फोल्डर एका दमात होतो. आधी कापा, सरळ करा, मग लहान करा, सेव्ह शेवटी एकदाच. अक्षरं असलेला स्क्रीनशॉट तेवढा पीएनजीत ठेवा, जेपीईजीत अक्षरांभोवती मुंग्या येतात.

पण हे सगळं वाचकाने आणि लिहिणाऱ्याने का शिकायचं? फोटो निवडल्याबरोबर एडिटरने एक ओळ दाखवावी: ‘हा फोटो ४ एमबीचा आहे, इथे ३०० केबी पुरे, लहान करू?’ खाली दोन बटणं, हो आणि नाही. तेही मराठीत.