श्रावणात जांभळा टॉर्च

मांजराच्या मुताचा वास हा प्रकार ज्याच्या घरात झालाय त्यालाच कळेल, बाकीच्यांना सांगून उपयोग नाही. आम्ही डोंबिवलीला, तिसरा मजला, बाल्कनीला ग्रिल, तरी शेजारच्या विंगमधला एक बोका पत्र्यावरून येतो, कसा ते त्यालाच माहीत, आणि कुठेतरी आपला कार्यक्रम उरकून जातो. त्यात श्रावण, खिडक्या बंद, वास कोंडलेला आणि नेमकी जागा काही सापडेना. मी सोफा सरकवला, पायपुसणी धुतली, आईंनी (म्हणजे सासूबाईंनी) कापूर जाळला, मग घरात कापूर अधिक बोका असा मिक्स वास. नवरा म्हणे मला तर काहीच वास येत नाही. त्याला कधीच कशाचा येत नाही, कचऱ्याच्या डब्याचा सुद्धा, हे मी लग्नानंतर लगेच नोट केलं होतं.

शेवटी चिरंजीवांनी तोंड उघडलं. नववीत आहे, एरवी मोबाईलमधून मान वर करत नाही. म्हणाला ब्लॅकलाईट आण, म्हणजे अतिनील (UV) उजेडाचा टॉर्च, मांजराची शू वाळली तरी त्यात पिवळट हिरवी चमकते.

नवऱ्याने तातडीने ऑनलाईन सगळ्यात स्वस्त टॉर्च मागवला. लाईट बंद करून लावला तर अख्खा हॉल जांभळा, लग्नाच्या हॉलमधे डीजे लावतात तसा, आणि त्यात बोका काय, सोफासुद्धा धड दिसेना. चिरंजीव म्हणाला हा 395 नॅनोमीटरवाला आहे (म्हणजे उजेडाच्या लहरीची लांबी), ह्याचा बराचसा उजेड आपल्याला दिसतोच, म्हणून खरी चमक त्यात बुडून जाते, 365 वाला पाहिजे आणि पुढे काळी काच पाहिजे. अशी काच रॉबर्ट वूड नावाच्या अमेरिकन माणसाने 1903 मधे बनवली, दिसणारा उजेड अडवते आणि अतिनील तेवढा सोडते, त्यावरूनच स्किनचे डॉक्टर वापरतात तो वूड्स लॅम्प आला. हे सगळं मुलाला पाठ, आणि फिजिक्सच्या पेपरात मार्क किती ते विचारू नका. तर दुसरा टॉर्च आला. हा चालू केला तर आधी वाटलं बंदच आहे, इतका मंद. आणि मग नवऱ्याचा बनियन पेटला.

पेटला म्हणजे निळापांढरा लखलखीत. आत माणूस दिसत नव्हता, नुसता बनियन हॉलमधून चालत होता. आई खूष, कारण तो बनियन त्यांनी धुतला होता. मुलाने लगेच पाणी टाकलं, आजी हे स्वच्छतेमुळे नाही, पावडरमधे ऑप्टिकल ब्राइटनर असतो, तो कपड्याला चिकटून बसतो आणि उन्हातला अतिनील उजेड खाऊन निळा उजेड बाहेर टाकतो, त्याने कपड्याचा पिवळेपणा दिसेनासा होतो. म्हणजे मळ तिथेच असला तरी आपल्याला पांढरं दिसतं. आई म्हणाल्या ते मला नको शिकवूस, आम्ही शेवटच्या पाण्यात टिनोपॉल घालायचो तेव्हा तुझा बाप शाळेत जात होता. (टिनोपॉल म्हणजे तेच, ब्राइटनर.)

खरा घोळ इथेच आहे आणि टॉर्चच्या बॉक्सवर तो कोणी छापत नाही. जे स्वच्छ ते चमकतं आणि जे घाण तेही चमकतं. टॉर्चला त्याच्याशी देणंघेणं नाही. आता अशा टॉर्चने एकत्र कुटुंबात पुरावा शोधायचा म्हणजे काय होणार?

फरशीवर मारला तर निळसर पट्टे. बोका! म्हणून सगळे वाकलो तर ते फरशी पुसल्याचे पट्टे निघाले. रविवारी बाई येत नाहीत, त्या दिवशी नवरा पुसतो, बादलीत कपड्याची पावडर टाकून, आणि त्याचं त्याला फार कौतुक आहे. पट्टे हॉलच्या मधोमध, ऐसपैस, छान वळणदार. सोफ्याच्या अलीकडे वीतभर थांबलेले. टीव्हीच्या टेबलाला वळसा घातलेला. कपाटाकडे तर गेलेलेच नाहीत. मी काही बोलले नाही, फक्त टॉर्च जरा जास्त वेळ तिथे धरला.

मग स्वयंपाकघर. इथे मात्र मी गप्प झाले. आपल्या हळदीत जे करक्युमिन असतं ते तेलात उतरलं की अतिनील उजेडात हिरवट पिवळं झगझगतं, आणि आपल्याकडे फोडणी रोज. गॅसमागच्या टाइल्स मी ओट्याबरोबर रोज पुसते, दिवसाउजेडी तिथे काही नाही, हात फिरवला तरी काही नाही. टॉर्च मारला तर बारीक बारीक पिवळे ठिपके, गॅसपाशी दाट, वर चिमणीपर्यंत विरळ होत गेलेले, मधेच एक ओघळ, तो बहुतेक वरणाच्या कुकरचा. फ्रीजच्या हँडलवर चार बोटं आणि एक अंगठा. लाईटच्या बटनावर अंगठा. कणकेच्या डब्यावर अंगठा. आईंनी एकेक बघितलं आणि काही म्हणाल्या नाहीत, आणि ज्यांना सासू आहे त्यांना कळेल की हे म्हणण्यापेक्षा वाईट असतं. शेवटी एवढंच, "आमच्याकडे फोडणीवर झाकण ठेवायची पद्धत होती."

देवाला दया आली आणि टॉर्च फ्रीजमधे गेला. भाजीच्या ट्रेमधे मेथीच्या जुडीखाली काहीतरी लालगुलाबी, निखाऱ्यासारखं. मेथी उचलली तर अंडी. ब्राऊन अंडी, त्यांच्या कवचात प्रोटोपॉर्फिरिन म्हणून रंगद्रव्य असतं ते असं लाल चमकतं. ही माहिती नंतर मिळाली, त्या क्षणी फक्त श्रावण चालू आहे एवढंच सगळ्यांच्या डोक्यात आलं. आई मुलाकडे (म्हणजे माझ्या नवऱ्याकडे) बघतायत, नवरा मेथीकडे बघतोय. "अगं प्रोटीनसाठी आणली..." असं तो मलाच सांगायला लागला, जसं काही मी उपास करते त्याचा. माझे हळदीचे ठिपके तेवढ्यापुरते माफ झाले.

टोपलीतली पिकलेली केळी निळी दिसली, आणि सालीवर जिथे काळे डाग पडलेत त्याभोवती निळी कडी. ऑस्ट्रियात इन्सब्रुक विद्यापीठातल्या लोकांनी हे 2008 साली प्रसिद्ध केलं, पिकताना क्लोरोफिल मोडतं त्यातून ही चमक येते. आईंचा प्रश्न एकच, हे नैवेद्याला चालेल का. चालेल असं सर्वानुमते ठरलं.

दातांचं थोडक्यात सांगते. खरे दात निळसर पांढरे चमकतात, कॅप बसवलेला दात मटेरियलवर आहे, तो काळा पण राहतो. नवरा अंड्यांचं स्पष्टीकरण देताना मुलाने टॉर्च तोंडावर आणला (डोळ्यात मारू नका कोणी, डोळ्यांना वाईट असतो) आणि पुढून तिसरा दात गायब. ह्या दाताचं बिल मला अजून आठवतं, म्हटलं होतं हुबेहूब मॅच होईल.

आणि हो, सिरियलमधे दाखवतात तसं रक्त चमकत नाही. ते काळंच दिसतं. चमकवायला त्यावर ल्युमिनॉल नावाचं केमिकल मारावं लागतं आणि मग टॉर्च लागतच नाही. मुलाचा गुडघा फुटला तेव्हाचा डाग चादरीवर आहे, त्याने स्वतः तपासून खात्री केली आणि थोडा नाराज झाला.

बोका सापडला बाल्कनीत, रद्दीच्या गठ्ठ्यावर. न्यूजप्रिंटच्या कागदात ब्राइटनर जवळजवळ नसतो म्हणून गठ्ठा मंद, मळकट, आणि त्यावर मधोमध पिवळट ओघळ, थेट खालपर्यंत. ती रद्दी द्यायची हे गेले कित्येक महिने कोणाचं काम होतं ते मी लिहीत नाही, घरातले वाचतात. गठ्ठा गेला, वास गेला, बोका अजून येतो.

टॉर्च मात्र आईंकडे गेला. त्यांचं माहेर महाडजवळ, म्हणाल्या हा आमच्या लहानपणी हवा होता, अंधारात विंचू हिरवानिळा चमकतो म्हणे ह्यात. चमकतो खरंच, कवचामुळे. मग महाडच्या डॉक्टर हिम्मतराव बावस्करांचा विषय निघाला, ब्लडप्रेशरचं प्रॅझोसिन विंचूदंशावर देऊन त्यांनी केवढे जीव वाचवले, 2022 ला पद्मश्री मिळाली, हे आई अशा सांगतात की माहेरच्याच माणसाला मिळाली. मग त्यांनी हिऱ्याच्या कुड्या काढल्या. काही हिरे निळे चमकले, काही ढिम्म. झालं! सोनाराने फसवलं. नातू घसा फोडून सांगतोय की शंभरातले साधारण 25 ते 35 हिरेच चमकतात, न चमकणारा पण खराच असतो, पण आईंनी चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या सोनाराचं अख्खं खानदान काढलं.

आता रोज संध्याकाळी नोटा तपासतात. खऱ्या नोटेचा कागद कापसाचा, तो चमकत नाही, नंबर आणि कागदातले बारीक धागे चमकतात, हे त्यांना आता पाठ आहे. परवा एक पाचशेची अख्खी निळी उजळली. नकली! भाजीवाल्याला फोन लावायला निघाल्या. मुलाने नोट हातात घेतली, नंबर चमकतोय, धागे चमकतायत, सगळं जागच्या जागी, वर हा निळा थर. मग वास घेतला. पावडरचा.

म्हणजे नोट आमच्याच मशीनमधून कोणाच्यातरी पँटच्या खिशात बसून फिरून आलेली. आणि तीस तारखेला खिशात दमडी नाही म्हणून माझ्याकडून पैसे नेलेला माणूस समोरच बसला होता.

"अहो आई, ती माझी..." असं मी म्हणेपर्यंत नोट आईंच्या बटव्यात गेली होती. म्हणाल्या मशीन मी लावते, जे निघेल ते माझं.