हेशेनचा पहिला गुन्हा

चीनच्या इतिहासातला सर्वांत लाचखाऊ मंत्री म्हणून हेशेनचे नाव घेतले जाते आणि त्याच्या जप्त मालमत्तेचे 80 कोटी ताएल (चांदी मोजण्याचे चिनी वजन) चांदीसारखे फुगवलेले आकडे सगळीकडे फिरत असतात. मला त्या आकड्यांपेक्षा त्याच्यावर ठेवलेल्या 20 आरोपांची यादी अधिक बोलकी वाटते, आणि ती वाचताना चीड येते ती त्याच्यापेक्षा त्याच्या धन्याची.

1750 साली मांचू, म्हणजे तेव्हा चीनवर राज्य करणाऱ्या जमातीच्या, न्युहुरू कुळात जन्मलेला हा मनुष्य राजवाड्याच्या पहाऱ्यावर होता आणि 1776 साली, पंचविशी नुकतीच उलटलेली असताना, सम्राट चियनलुंगच्या सर्वोच्च मंत्रिमंडळात जाऊन बसला. मांचू, चिनी, मंगोल आणि तिबेटी भाषा त्याला येत. नुसत्या हांजी हांजीवर कोणी इतके वर चढत नाही. गुन्हेगार अधिकाऱ्याने शिक्षेऐवजी चांदी भरावी, ही पद्धत त्याच्या देखरेखीखाली फोफावली. पण ती चांदी सरकारी तिजोरीत न जाता सम्राटाच्या खासगीत जमा होई, आणि त्या सम्राटाने आपली सर्वांत लाडकी मुलगी हेशेनच्याच मुलाला दिली होती. मग चोर नेमका कोणाला म्हणायचे?

1795 साली वारसाचे नाव जाहीर होण्याच्या आदल्या दिवशी हेशेनने त्या राजपुत्राला रुयी, म्हणजे शुभचिन्हाचा दंड, नजर केला. बातमी आधीच सांगून नव्या धन्याची मर्जी संपादण्याचा हा डाव होता. पुढच्याच वर्षी तो राजपुत्र जियाचिंग या नावाने गादीवर आला खरा, परंतु त्याचा बाप चियनलुंग याने गादी सोडूनही कारभार सोडलाच नाही, त्यामुळे मुलाला तीन वर्षे हेशेनशी गोड बोलून दिवस काढावे लागले. 7 फेब्रुवारी 1799 रोजी चियनलुंग वारला आणि 22 तारखेला हेशेनला पांढरे रेशीम पाठवून गळफास घ्यायला लावले. आरोपांत राजवाड्यातल्यापेक्षा कितीतरी अधिक मोत्यांच्या 200 हून जास्त माळा आहेत, पण पहिल्या क्रमांकावर आहे तो रुयी.

बाकीच्या लाचखाऊंना जियाचिंगने मुद्दाम हात लावला नाही. बीजिंगमधल्या हेशेनच्या वाड्याचा एक भाग सम्राटाच्या धाकट्या भावाला मिळाला. दुसऱ्या भागात हेशेनची सून, म्हणजे सम्राटाची बहीण, पूर्वीसारखीच राहत राहिली.